ट्रंकेत सापडलेली 1994 ची बाटली, प्यायची का ओतून द्यायची?

पत्र लांब होतं, थोडं कमी करून देतोय.

"दादा, आमचं कोल्हापुरात शाहूपुरीतलं जुनं घर पाडून नवीन बांधायचं चाललंय. 2019 च्या पुरात कमरेएवढं पाणी आलेलं, तेव्हा भिंतींनी जी ओल धरली ती काय गेलीच नाही. गेले पंधरा दिवस आवराआवर सुरू आहे. पप्पांना जाऊन पाच वर्षं झाली. त्यांचं उद्यमनगरात वर्कशॉप होतं आणि मडगावचं एक गिऱ्हाईक दिवाळीला हमखास बाटली द्यायचं, पप्पा कधीतरीच घ्यायचे त्यामुळं काही तशाच राहिल्या. आता तीन सापडल्यात. एक माळ्यावरच्या लोखंडी ट्रंकेत, पप्पांच्या जुन्या स्वेटरात गुंडाळलेली, लेबलवर पोर्तो, टॉनी, 10 असं आहे आणि मागं बारीक अक्षरात 'एन्गाराफादो एम 1994'. दुसरी नाशिकची व्हाईट वाईन, 2008 ची, शोकेसच्या अगदी खालच्या कप्प्यात होती. तिसरी गोव्याची पोर्ट वाईन, फिरकीच्या झाकणाची, निम्मी संपलेली, ती स्वयंपाकघरात मिळाली. आई म्हणते सगळं मोरीत ओत आणि आंघोळ कर. धाकटा भाऊ म्हणतो तीस वर्षं जुनी वाईन लाखाला जाते, ऑनलाईन टाकूया. शेजारच्या काकू म्हणतात मटणाच्या रश्श्यात घाल, टेस्ट येते. मला एवढंच सांगा की ही प्यायली तर काय होईल का? पप्पांची आठवण म्हणून एक घोट तरी घ्यावा असं फार वाटतंय."

ताई, तुमचं पत्र वाचल्या वाचल्या माझं लक्ष बाटल्यांच्या आधी पुराच्या वाक्यावर गेलं. तुम्ही ते भिंतींचं सांगता सांगता सहज लिहून गेलाय, पण एका बाटलीचा निकाल तिथंच लागतोय. घरात कमरेएवढं पाणी होतं आणि व्हाईट वाईन शोकेसच्या खालच्या कप्प्यात, म्हणजे ती बाटली पाण्याखाली होती, आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी तासा-दोन तासांत उतरलं नाही हे आपण सगळ्यांनी बघितलंय. ते पाणी काय नुसतं पंचगंगेचं नव्हतं, त्यात गटारं होती, ड्रेनेज होतं, बुडालेल्या गाड्यांचं डिझेल आणि ऑईल होतं, दुकानांतली औषधं-खतं होती. बाटली सीलबंद दिसत असली तरी कॉर्क म्हणजे शेवटी झाडाची साल, ती बाटली अकरा वर्षं उभी राहिली तर कॉर्क वाळून आक्रसतो, मग बाहेरून पाणी दाबतंय म्हटल्यावर आत किती शिरलं हे कुणालाच सांगता येणार नाही. पुरात बुडालेली बाटली, मग ती कॉर्कची असू दे, फिरकीची असू दे नाहीतर सोड्याच्या बाटलीसारख्या पत्र्याच्या बिल्ल्याची असू दे, टाकायची. धुवून पुसून चालत नाही. कुणी म्हणेल की वाईनमध्ये जंतू जगत नाहीत, ते बऱ्याच अंशी खरं आहे आणि त्याबद्दल खाली सांगतोच, पण जंतू मेले असं धरलं तरी डिझेल आणि केमिकल मरत नाही. तशीही साधी व्हाईट वाईन दोन-तीन वर्षांत प्यायलाच केलेली असते, 2008 ची आज उघडली तरी हाती काही लागलं नसतं. तिचा विचार सोडा.

आता ती निम्मी बाटली. ही तर चाखू नकाच, बोट बुडवूनसुद्धा नाही. एक तर उघडलेली वाईन फ्रीजमध्ये ठेवली तरी चार-पाच दिवस, गोड पोर्ट असेल तर काही आठवडे, आणि ही किती वर्षं तशीच आहे कुणास ठाऊक. पण माझी खरी काळजी वेगळीच आहे. आपल्या घरांत रिकामी बाटली कधी वाया जात नाही, तिच्यात काकवी भरतात, रॉकेल भरतात, फिनेल भरतात, देवाचं तेल भरतात, आणि लेबल मात्र जुनंच राहतं. माझ्या आजोळी रमच्या बाटलीत फिनेल ठेवलेलं आणि लग्नाच्या गडबडीत माझ्या मामेभावानं ते रम समजून तोंडाला लावलं, एकच घोट गेला पण तीन दिवस दवाखान्यात होता, घसा इतका सोलवटलेला की पाणी गिळताना डोळ्यातून पाणी यायचं. तेव्हापासून सील तुटलेली जुनी बाटली बघितली की माझ्या पोटात गोळा येतो. तुमच्या पप्पांचं तर वर्कशॉप होतं, थिनर म्हणा, ॲसिड म्हणा, घरी यायला काही अवघड नव्हतं. झाकण उघडून नाक बाटलीवर नेऊ नका, बाटली हातभर लांब धरून हातानं वारा घेऊन वास बघा. थिनर-रॉकेलचा आला तर मोरीत पण ओतू नका, झाकण घट्ट लावून वर मोठ्या अक्षरात लिहा आणि घंटागाडीवाल्याला सांगून वेगळी द्या. आंबट वास आला तर ओतून टाका.

राहिली ट्रंकेतली, आणि तुमचं सगळं मन तिच्यातच अडकलंय हे मला कळतंय.

पहिल्यांदा लेबल वाचूया. 'एन्गाराफादो एम' म्हणजे पोर्तुगीजमध्ये 'बाटलीत भरली', म्हणजे 1994 हे द्राक्षाचं साल नव्हे, बाटलीबंद केल्याचं साल आहे. आणि ते 10 म्हणजे दहा वर्षं, ती त्याआधी लाकडी पिंपात मुरलीये, तीसुद्धा एकाच सालची नसते, वेगवेगळ्या वयाच्या वाईन मिसळून साधारण दहा वर्षं मुरल्यासारखी चव आणलेली असते. टॉनी म्हणजे पिंपातल्या हवेनं लाल रंग उतरून तपकिरी-तांबूस झालेली. आणि पोर्तो म्हणजे पोर्ट वाईन, ही पोर्तुगालच्या डोरो नदीच्या खोऱ्यातली, तिथली हद्द 1756 सालीच आखून दिलीये, आणि आपल्याकडं गोव्यात जिला पोर्ट वाईन म्हणतात ती गोड लाल वाईन वेगळी, नाव तेच असलं तरी करायची पद्धत तीच नाही. खऱ्या पोर्टमध्ये रस आंबत असतानाच, निम्मी साखर शिल्लक असताना, द्राक्षाचीच 77 टक्क्यांची कडक स्पिरिट ओततात, त्यानं आंबायचं थांबतं, साखर तशीच राहते आणि अल्कोहोल 19 ते 22 टक्क्यांवर जातं. साधी वाईन बारा-चौदा टक्क्यांची असते. म्हणून तुमच्या या बाटलीला थोडी आशा आहे, साखर आणि अल्कोहोल दोन्ही जास्त असल्यानं ती टिकते.

पण टिकते म्हणजे सुधारते असं नाही, इथं बहुतेकांची गल्लत होते. जुनी वाईन म्हणजे भारी वाईन ही समजूत आपल्याकडं एवढी पक्की बसलीये की लोक पाचशेची बाटली पंधरा वर्षं कपाटात ठेवतात आणि मग पाहुण्यांसमोर उघडून तोंड वाकडं करतात. जगातली बहुतेक वाईन काही वर्षांतच प्यायची असते, बाटलीत मुरून सुधारणारी अगदी थोडी. पोर्टमध्ये पण 'व्हिंटेज' म्हणून जी असते ती पिंपात दोनेक वर्षं ठेवून बाटलीत भरतात आणि मग बाटलीत पुढं वीस-तीस-चाळीस वर्षं मुरू देतात. टॉनीचं उलटं, तिचं मुरायचं काम पिंपातच संपलेलं असतं, बाटलीत भरली की ती प्यायला तयार. त्यामुळं 1994 ला ती जशी होती त्यापेक्षा आज चांगली झालेली नसणार, फार तर थोडी फिकी पडली असेल.

आता तुमचा मूळ प्रश्न, प्यायली तर काय होईल का. सील शाबूत असलेली, पुरात न बुडालेली, नीट लेबलची वाईन नुसती जुनी झाली म्हणून विषारी होत नाही. वाईन चांगलीच आंबट असते, वर अल्कोहोल, त्यामुळं आपल्याला आजारी पाडणारे जंतू तिच्यात तग धरत नाहीत. पेपरात विषारी दारूच्या बातम्या येतात त्या मिथेनॉलच्या भेसळीच्या असतात, बंद बाटलीत ठेवून ठेवून मिथेनॉल तयार होत नाही, ती भीती मनातून काढा. बिघडते म्हणजे काय होतं, तर कॉर्कमधून हवा शिरते, त्या हवेवर जगणारे बॅक्टेरिया अल्कोहोलचं ॲसिटिक ॲसिड करतात आणि वाईनचं व्हिनेगर होतं, व्हिनेगर या शब्दाचा फ्रेंचमध्ये अर्थच आंबट वाईन असा आहे. पोर्टमध्ये अल्कोहोल जास्त म्हणून हे बॅक्टेरिया सहसा चालत नाहीत, पण हवा लागून ती शिळी, मेलेली मात्र होऊ शकते. चव वाईट लागेल, आजारी पडणार नाही.

पुढचं सगळं ठेवण्यावर आहे. वाईनला अंधार लागतो, साधारण 10 ते 15 अंशांची थंडी लागते आणि तापमान वर-खाली व्हायला नको. ट्रंकेत अंधार मिळाला, स्वेटरनं वरची ऊब पण थोडी अडवली असेल. पण माळ्यावर कौलं आहेत का पत्रा? हे तुम्ही लिहिलं नाही आणि त्यावर बरंच अवलंबून आहे. कौलारू माळा मे महिन्यात पण बरा असतो, पत्र्याखाली दुपारी दोन वाजता हात लावायची सोय नसते, आणि ढोबळमानानं दहा अंश वाढले की रासायनिक क्रिया दुप्पट वेगानं होते, असे तीस उन्हाळे धरा म्हणजे हिशेब लागेल.

अंदाज मात्र न उघडता पण बांधता येतो. रात्री लाईट बंद करून बाटली हलकेच उभी धरा आणि मागून मोबाईलची बॅटरी लावा. वाईन कुठंपर्यंत आहे बघा, मानेत असेल तर उत्तम, खांद्याच्या खाली उतरली असेल तर कॉर्कनं दगा दिलाय. रंग बघा, टॉनी गुळाच्या पाकासारखी तांबूस-तपकिरी आणि पारदर्शक दिसायला पाहिजे, तपकिरी दिसली म्हणून घाबरू नका, तिचा रंगच तो. गढूळ, मातकट दिसली तर नापास. झाकणाखाली बोट फिरवा, चिकट लागलं तर कधीतरी उन्हाळ्यात आतून फुगून बाहेर आलीये. आणि लेबलवर किंवा झाकणाच्या कडेला पांढरी-काळी बुरशी असेल तर ती आपल्या जून-जुलैची देणगी, चामड्याच्या चपलेला येते तशी, ओल्या फडक्यानं पुसली की झालं, आतल्या वाईनशी तिचा संबंध नाही.

उघडायची कशी ते जरा सविस्तर सांगतो, कारण मी गोव्यात अकरा वर्षं हॉटेलात सर्व्हिसला होतो आणि जुनी बाटली लोक मुख्यतः इथंच घालवतात. आदल्या दिवशी उभी ठेवा, गाळ असेल तर तळाला बसेल. हलवू नका. प्यायच्या आधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवली तर पुरे. वरची पन्नी धातूची आणि मऊ, जड वाटली तर ती शिशाची असू शकते, 1990 च्या दशकापर्यंत तशी वापरायचे, म्हणून पन्नी पूर्ण काढा आणि बाटलीचं तोंड ओल्या फडक्यानं दोनदा नीट पुसा, हे चुकवू नका. दहा वर्षांच्या टॉनीला बहुतेक वेळा वर प्लॅस्टिकची टोपी असलेला आखूड कॉर्क असतो, तो स्क्रूशिवाय हातानंच निघतो, पण तीस वर्षांनी तो काचेला चिकटलेला असणार, जोर लावून ओढला तर टोपी हातात आणि कॉर्क आत असं होतं. बाटली टेबलावर ठेवून एका हातानं मान घट्ट धरा आणि दुसऱ्या हातानं टोपी आधी हळूच डावीकडं-उजवीकडं फिरवा, किरकिर आवाज येईल, सुटला असं वाटलं की फिरवत फिरवतच वर घ्या. तुटलाच तर हळहळू नका, राहिलेला तुकडा चमच्याच्या दांड्यानं आत ढकला आणि स्वच्छ धुतलेल्या सुती कापडातून वाईन काचेच्या भांड्यात गाळून घ्या. चहाची गाळणी नको, तिला चहाचा वास असतोच. आणि शोकेसमध्ये जड, चमचमणारा कट-ग्लासचा जग असेल तर त्यात भरून ठेवू नका, त्या जुन्या क्रिस्टलमध्ये पण शिसं असतं.

मग ग्लासात दोन बोटं घ्या आणि फक्त वास घ्या, घाई करू नका. व्हिनेगरचा झणका किंवा नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास आला तर संपलं. पावसात भिजून वाळलेल्या पुठ्ठ्यासारखा आला तर कॉर्क खराब निघाला, पिऊन अपाय नाही पण मजाही नाही. नुस्ताच उग्र, कोंदट वास आला तर दहा-पंधरा मिनिटं ग्लास तसाच ठेवून परत बघा, इतकी वर्षं बंद राहिल्यावर पहिला वास कधी कधी उडून जातो. आणि चांगली असेल तर कसा येतो सांगू, तुम्ही लहानपणी गुऱ्हाळावर गेला असाल, काहिलीत रस आटत आला की शेवटी शेवटी जो दाट, जरा करपट गोड वास सुटतो ना, तसा, त्यात खारीक आणि अक्रोड मिसळल्यासारखा. तो वास आला की काम झालं. मग चमचाभर तोंडात घ्या, फिरवा, पहिला थुंका. जिभेला बुडबुडे जाणवले तर पुढं जाऊ नका, पोर्टमध्ये बुडबुडे असायचं कारण नाही. कडू-आंबट नसेल, गोड आणि ऊबदार लागत असेल तर दुसरा गिळा.

आता घरच्यांचं. भावाला सांगा, दहा वर्षांची टॉनी ही काय संग्राहकांनी बोली लावायची वस्तू नाही, लाख सोडाच. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे महाराष्ट्रात लायसन्सशिवाय दारू विकणं गुन्हा आहे, 1949 चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे, फोटो टाकून स्वतःच पुरावा द्यायचा म्हणजे कमाल झाली. त्याच कायद्यात प्यायचा परवाना पण लागतो, एक दिवसाचा मिळतो, तो काढून ठेवा. काकूंना सांगा, बिघडलेली वाईन शिजवली म्हणून सुधारत नाही, पाणी आटतं आणि आंबट वास पक्का बसतो, त्यात आपला तांबडा रस्सा म्हणजे कांदा-लसूण मसाल्याची स्वतःची ताकद, त्याला या गोड पोर्टची काय गरज, उगाच दीड किलो मटण वाया जाईल.

तुम्ही स्वतः काही औषधं घेत असाल तर आधी डॉक्टरांना विचारा, खास करून मेट्रोनिडाझोल चालू असेल किंवा झोपेच्या गोळ्या असतील तर घोटभर पण नको, दमा असेल तर वाईनमधल्या सल्फाईटनं त्रास होऊ शकतो. गरोदर असाल तर विषयच नाही. आणि आईंना शुगर असली तर त्यांना देऊ नका, पोर्टच्या लिटरमध्ये साधारण 100 ग्रॅम साखर असते.

चांगली निघाली तर राहिलेली झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवा, एवढी जुनी आहे म्हटल्यावर दोन आठवड्यांत संपवा. आणि चांगली निघो न निघो, उघडा मात्र आताच. नव्या घराच्या नव्या माळ्यावर परत ठेवू नका, आणखी दहा वर्षांनी ती आजच्यापेक्षा वाईटच असेल आणि तुम्ही परत हेच पत्र लिहाल. शनिवारी उभी करा, रविवारी संध्याकाळी भावाला बसवा, आईंना पण हाक मारा. आई मोरीत ओत म्हणताहेत त्या काळजीपोटी म्हणताहेत, त्यांना हे सगळं वाचून दाखवा आणि ओतायच्या आधी ग्लास त्यांच्या हातात द्या, नुसता वास घेऊ द्या. मडगावचं ते गिऱ्हाईक दिवाळीला यायचं तेव्हा फराळाचं ताट त्यांनीच वाढलं असणार, त्या बाटलीबद्दल तुम्हाला माहीत नसलेलं त्यांनाच काहीतरी माहीत असेल.

माळ्यावर कौलं होती का पत्रा, आणि वास कसला आला, एवढं मला नक्की कळवा.